लंडनची जोडी

चोपन्न साली यशवंताला वकिली शिकायला लंडन आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडच्या विद्यापीठांनी बोलावलं आणि त्याच्या आईच्या, शालनबाईच्या घराचं स्वास्थ्यच गेलं. नवरा हिंदुराव लंडनवर अडून बसला, भाऊ रंगराव अमेरिकेवर.

"बाप मी हाय. मी सांगंल तिथंच जाईल त्यो."

"आन् शिकला कुणाच्या घरी ऱ्हाऊन, दाजी? मामाचा काई हक हाय का न्हाई?"

यशवंताला कुणी विचारलंच नाही. शेवटी दोघांनी चाकणच्या यात्रेत आपापले बैल शर्यतीच्या घाटात पळवून निकाल लावायचं ठरवलं, तेव्हापासून गाव हिंदुरावाच्या बैलांना लंडनची जोडी म्हणू लागलं.

पंचांनी लंडनची जोडी सरस ठरवली. "पंच फोडलं तुमी," म्हणत रंगराव कुऱ्हाड घेऊन धावला आणि पहिल्याच घावात हिंदुरावाचा खांदा उघडा पडला. दुसरा घाव मानेवर बसणार, तोच बापाला वाचवायला यशवंतानं हाताला लागलं ते दांडकं मामाच्या डोक्यात घातलं. मामा तिथंच, बैलांच्या पायाशी गार झाला.

भावाचा दहावा व्हायच्या आत शालनबाईनं लंडनची जोडी विकली आणि लेकाला फासापासून वाचवायला पुण्यात मोठा वकील गाठला.



तो वकील लंडनला शिकला होता की अमेरिकेत, हे तिनं विचारलं नाही.