चट्टा तसाच

"आ करा, आजी." डॉक्टरांनी टॉर्च मारला. सासूबाईंच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा आता लाल होऊन चिघळला होता.

"दर महिन्याला बघायला सांगितलं होतं ना?" त्यांनी माझी वही उघडली.

मी गावची आशाताई, घरोघरी आरोग्य तपासणारी. साऱ्या गावाला 'आ करा' म्हणत फिरले, सासूबाईंना मात्र नाही. घरातच तर आहेत, कधीही बघू, म्हणत सहा महिने न पाहताच 'चट्टा तसाच' लिहीत गेले. दातांना लावायची त्यांची तंबाखूची मशेरीही भाजून देत होते मीच.

"खरं सांगा ताई, बघितलंत?"



"बघायची की!" सासूबाईच बोलल्या. "मशेरी सोडा म्हणायची. मीच ऐकलं नाही."

त्यांनी माझा हात हातात घेतला. सकाळी भाजलेल्या मशेरीचा वास अजून माझ्या बोटांना होता.