पाच मिशा

"हा किडा मासे खात नाही," पोन्नुदुरै सार माशांच्या टाकीजवळ पोचायच्या आधीच म्हणाले. "दोन वर्षांपूर्वीच लिहून दिलंय मी. केसाळ किडा आहे. मेलेलं खातो, जिवंताच्या वाटेला जात नाही."

"मग मासे काय पंख लावून उडाले?" सोफ्यावरून तंगवेल अण्णाच्ची गुरगुरले. तुतीकोरिनला त्यांची चार मिठागरं, त्यामुळे आवाजही तसाच. "पोंगलला नऊ आणले. उरले तीन. टाकीला हात कोण लावतं? ही एकटी."

ही म्हणजे सहायमेरी. सात महिन्यांपूर्वी मणप्पाडहून आली आणि भिंतभर पसरलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचं सगळं बघायला लागली. पाणी बदलायचं, काच पुसायची, प्रवाळाचे दगड घासायचे. आता ती बादली हातात धरून उभी होती. सारांनी पुन्हा तेच लिहून दिलं तर दुपारी पोलीस, असं अण्णाच्चींनी तिला सकाळीच बजावलं होतं. सारांना बोलवा, ते म्हणतील ते मला कबूल, असं तीच म्हणाली होती. या गावात चोरीचा ठपका बसलेल्या माणसाला मिठागरावर टोपलीसुद्धा उचलू देत नाहीत. हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला त्याची लाजही वाटत नाही.

"आधीचा तो इन्नासी अगदी असाच," अण्णाच्ची म्हणाले. "शंख काढणारा पाणबुड्या. म्हटलं, समुद्रातलं कळत असेल. कळलं की! माझेच मासे बाजारात नेऊन विकले. तुमचं पत्र पुढे केलं तेव्हा तोंडातून शब्द फुटला नाही."

"आता कुठे असतो?" सारांनी बशीतला मॅकरून उचलत विचारलं.

"गेला म्हणतात." अण्णाच्चींनी माशी हाकलावी तसा हात झटकला.

मेरीने बादली खाली ठेवली.

"सार, एक विचारू? तेव्हा तुम्ही तोंड बघितलं होतं?"

"कुणाचं? इन्नासीचं?"

"किड्याचं."

सारांचा मॅकरून हातातच राहिला. "फोटो बघितला होता. यांनी फोनवर पाठवलेला."

"दगडातून त्याची पाठच दिसते, सार. तोंड आत असतं."

"तू मला शिकवणार?" सार तडकले. "चाळीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलंय मी!"

"म्हणून तर विचारतेय."

सारांनी मॅकरून बशीत परत ठेवला. डोकं बघितल्याशिवाय कुठल्याही किड्याचं नाव सांगू नका, हे ते पहिल्याच तासाला मुलांना सांगत. दोन वर्षांपूर्वी घरात पाहुणे होते, अण्णाच्चींना घाई होती, आणि चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो?

"दाखव," ते म्हणाले.

मेरीने खिडक्या लावल्या, टाकीवर काळं कांबळं टाकलं, एका कोपऱ्यात हातभर उघडं ठेवलं. लाल कागद गुंडाळलेली बॅटरी सारांच्या हातात दिली. काडीला कोळंबी टोचून ती डावीकडच्या दगडाच्या भोकापाशी धरली आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने काचेवर दोनदा टिचकी मारली.

आधी मिशा आल्या. एक, दोन, पाच. मग मनगटाएवढं जाड, तेलकट चमकणारं अंग वीतभर बाहेर सरकलं. जबडा फाकला, मिटला, आणि कोळंबी काडीच्या शेंड्यासकट नाहीशी झाली.

"अय्यय्यो!" अण्णाच्ची सोफ्यावरून उठून मागे सरले.

सारांनी बॅटरी विझवली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"हा केसाळ नव्हे," ते हळू आवाजात म्हणाले. "हा दबा धरून बसतो आणि जिवंत मासा आत ओढून नेतो. नुसत्या पाठीवरून फसायला होतं." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "तुला बीळ बरं माहीत!"

"रोज पाणी मीच बदलते, सार."

"पण पोंगलच्या आधी दीड वर्ष टाकीत एक मासा नव्हता," अण्णाच्ची म्हणाले. "मी कंटाळून आणायचेच बंद केले होते. हा जगला कशावर?"

सारांनी खांदे उडवले. मेरी कांबळ्याची घडी घालत होती.

खिडक्या उघडल्या. सारांनी पेन काढलं. एका बाईची अब्रू आपल्या हातून वाचतेय या विचाराने त्यांना जरा बरं वाटायला लागलं होतं.

"घरी कोण असतं तुझ्या? नवरा?"

"समुद्रात आहे, सार."

"आला की सांग त्याला, बायको थोडक्यात वाचली म्हणून." ते लिहू लागले. मासे चोरीला गेलेले नाहीत, टाकीतल्या किड्याने खाल्ले आहेत, हे मी स्वतः पाहिलं आहे.

"किती वर्षांचा असेल हा किडा?" मेरीने विचारलं.

"एवढा जाड म्हणजे... चार-पाच वर्षांचा तरी."

"तेही लिहा. तुम्ही आधीचं पत्र दिलंत तेव्हाही तो इथेच होता, असं."

सारांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तेही लिहिलं. तारीख घातली, सही केली. अण्णाच्चींनी वाचून मान हलवली. "सुटलीस बाई. जा, चहा ठेव."

ती हलली नाही.

"थांबा, नाव राहिलं," सार म्हणाले. "'यांच्यावरचा आरोप खोटा आहे' याच्या आधी नाव हवं. पूर्ण सांग तुझं."

"माझं नको, सार," मेरी म्हणाली. "इन्नासी लिहा. नावाआधी 'मयत' लिहा. आणि बायकोचं नाव लागलं, तर माझं घाला."