काय झाकायचं

कारकुनाने मालमत्तेचं विवरण टेबलावर ठेवलं आणि न्यायाधीशबाईंनी चष्मा लावला. पाच वाजता हा कागद न्यायालयाच्या वेबसाइटवर चढायचा होता. कुठल्या न्यायाधीशाकडे काय आहे ते लोकांना दिसावं म्हणून. सुरक्षेपुरतं जे झाकायचं, त्यावर काळी पट्टी मारायची मुभा होती आणि बाईंनी ती मागितली होती. मागच्याच आठवड्यात दोघे मोटारसायकलवाले त्यांच्या मुलीच्या मागोमाग थेट फाटकापर्यंत आले होते. आईला सांग, निकाल जपून दे, एवढंच म्हणून गेले. तेव्हापासून पोरगी एकटी बाहेर पडत नव्हती.

पहिलंच पान वाचलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फ्लॅटची किंमत काळी. नवऱ्याच्या दवाखान्याचं उत्पन्न काळं. सोनं, ठेवी, सगळं काळं ठिक्कर. आणि पत्ता? मजल्यासकट, ठळक अक्षरांत. मुलीच्या स्कूटरचा नंबर, फी भरलेल्या कॉलेजचं नाव, सगळं कसं लख्ख. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

"अहो, हे काय करून ठेवलंत?"

कारकून गोंधळला. बारा वर्षं तो हेच काम करत होता. हात बसलेला होता त्याचा.

"नेहमीसारखंच केलंय, बाईसाहेब," तो म्हणाला. "पत्ता झाका असं आजवर कोणी म्हणालंच नाही."

त्या गरिबाला काय बोलणार? बाईंनी पट्ट्या न मारलेली प्रत मागवली आणि मार्कर स्वतःच्या हातात घेतला. पत्ता झाकला, कॉलेजचं नाव झाकलं, स्कूटरचा नंबर दोनदा गिरवून उजेडात धरून पाहिला. आकडे मात्र सगळे उघडे ठेवले. सासऱ्यांनी दिलेल्या प्लॉटचासुद्धा, ज्यावरून चार लोक कुजबुजणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कागद आधी मुख्य न्यायाधीशांच्या नजरेखालून जायचा. कारकून तो दाखवून परत आला आणि पाठोपाठ फोन वाजला.

साहेबांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. मॅडम, कशाला हा उपद्व्याप, ते म्हणत होते. तुमचे आकडे दिसले की उद्या पेपरवाले आम्हा बाकीच्यांच्या मागे हात धुऊन लागतील. त्यापेक्षा सुरक्षेचं कारण लिहून अख्खं विवरणच रोखून धरू, सुंठीवाचून खोकला गेला. आणि हो, तुमच्या घराच्या पोलीस पहाऱ्याचा अर्ज अजून माझ्याच टेबलावर आहे बरं का.

पहारा नाही तर नाही, बाईंनी मनाशी म्हटलं. पोरीला रोज आपण स्वतः सोडू, स्वतः आणू. त्यांनी कारकुनाला खूण केली, चढव. तो जागचा हलेना, तेव्हा त्यांनी डोळे वटारले. मग तो मुकाट्याने कॉम्प्युटरकडे गेला. विवरण चढतंय, बाईंनी फोनवर सांगितलं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" साहेबांनी विचारलं.

"वाटते ना. म्हणून तर पत्ता झाकलाय," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कसली वाटते, साहेब?"