हुकमी पिचर

घरात बोलायला कोणी उरलं नव्हतं, म्हणून निवृत्त बेसबॉल प्रशिक्षक मोबाइलवरच्या खेळात संघ चालवायचे. जोडीला 'घुबड' नावाचा अनोळखी भिडू होता आणि दोघांचं छान मेतकूट जमलं होतं. अंतिम सामन्याच्या तोंडावर त्यांच्या खेळातल्या हुकमी पिचरचं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूचं, कोपर दुखावलं.

"याला बसवू या. हात कायमचा जाईल," घुबडाने लिहिलं.

"एका सामन्याने कुणाचा हात गळून पडत नाही, वाघा! उतरव त्याला मैदानात," प्रशिक्षकांनी जुन्याच जरबेने दटावलं.

ते चष्मा पुसून पुन्हा पुन्हा मोबाइल बघत राहिले.



मग अक्षरं उमटली, "बाबा, तुम्ही? मलाही अगदी हेच शब्द बोलून उतरवलं होतंत. अजून उजव्या हाताने पाण्याचा पेला उचलवत नाही."