पहिल्या फायनलचा निकाल

अल्लीपूरच्या कॅरम क्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून भिंतीवर क्लबचा इतिहास रंगवणं चालू होतं. पेंटर पहिल्या फायनलपाशी अडला; विजेता म्हणून नाव कोणाचं लिहायचं? मनोहररावांनी राणीवर स्ट्रायकर मारला आणि त्याच क्षणी लाइट गेली होती. राणी स्ट्रायकरनं पडली की अंधारात मनोहररावांच्या बोटानं, यावरून समोर खेळणाऱ्या नानाजींनी त्यांच्याशी बोलणं सोडलं ते आजतागायत. रोज संध्याकाळी मात्र दोघं एकाच बोर्डावर मुकाट्यानं खेळत.

त्या दिवशी कंदील घेऊन सगळ्यात आधी आत आल्या होत्या शेजारच्या शालूबाई. त्यांना कोणी कधी विचारलंच नव्हतं. आज पेंटरनं विचारलं.

"हो, पाह्यलं होतं मी," त्या म्हणाल्या.

मनोहररावांनी मान खाली घातली. पेंटरनं ब्रश रंगात बुडवला. शालूबाईंनी पदर सावरला आणि बोलायला तोंड उघडलं.

 

तेवढ्यात नानाजी उठले आणि त्या फायनलनंतर पहिल्यांदाच मनोहररावांशी बोलले, "चाल गा मनोहर, बोर्ड मांड. बाईनं सांगून टाकलं त उद्यापासून आपण कायच्यासाठी खेळाचं?"