किलोभर माती

लेकीनं बंगलोरहून मागितलं काय, तर वावरातली किलोभर माती! तिथल्या प्रयोगशाळेत ती जिवाणूंची जनुकं बदलायची, म्हणजे जमिनीत अडकलेलं स्फुरद ते पऱ्हाटीच्या मुळांना सोडवून देतील. बसंतीबाईनं माती चाळली, वाटेत किडे होऊ नयेत म्हणून लाडवाच्या पिठासारखी कढईत खमंग भाजली आणि उमरखेडहून धाडली. आठवड्यानं लेकीचा फोन आला. "याडी, भाजली कायले? सारे जिवाणू मेले न! आता कच्चीच पाठव. पुन्हा मेले, तर माती न्याले मलेच या लागन." "बरं बाई, कच्चीच पाठवतो." चार वर्षांत लेकीचे पाय तांड्याला लागले नव्हते. बसंतीबाई लगबगीनं वावरात गेली, ओलसर माती डब्यात भरून आणली. नवी पिशवी शिवली, पत्ता चिकटवला. मग डब्याकडे बघत बराच वेळ बसली. शेवटी उठली, चूल पेटवली आणि तीच कढई चढवली.