नो फ्लॉ

“गुर्जी, तेवढं पुसा,” मालनबाई शाळेच्या दारातूनच म्हणाली.

नृसिंह गुरुजींनी फळ्याकडे पाहिलं. सकाळी त्यांनी सहावीला ‘फ्लॉ’ हा शब्द शिकवला होता. फ्लॉ म्हणजे खोट, उणीव. भांड्यात असते, कापडात असते, माणसातही असते. मग ज्याने त्याने आपलं वाक्य करायचं. पोरांनी भांडी आणि कापडंच सांगितली. मालनबाईची राही तेवढी उठली आणि म्हणाली, “माय ब्रदर हॅज नो फ्लॉ.” माझ्या भावात काही खोट नाही. गुरुजी हरखले. त्यांनी ते वाक्य ठळक अक्षरात फळ्यावर लिहिलं आणि वर्ग एकदम चिडीचूप झाला. राहीने जीभ चावली. गुरुजींना वाटलं, पोरं भारावली.

आता मालनबाई सांगत होती. राहीच्या पाठचे दोघे असेच देखणे होते. बघणारा म्हणायचा, पोराला नाव ठेवायला जागा नाही. दोघेही दृष्ट लागून वर्षाच्या आत गेले. म्हणून या तिसऱ्याचं नाव दगडू ठेवलं, गालावर काजळाची तीट लावली, आणि कुणी विचारलं तर ‘काळंबेंद्रं हाय’ असंच घरात म्हणायचं ठरलं. दुपारपासून त्याचं अंग तापलं होतं. दूध घेत नव्हता.

“अहो, ते नुसतं इंग्रजी आहे.”

“म्हंजी आता सायबाच्या भाषेतबी कळलं.”

गुरुजींना हसू आलं. ती हसत नव्हती.

“पोराला अकोल्याला दवाखान्यात न्या.”

“न्हेते की. पोरांचे वडील दुष्काळी कामावर, खडी फोडायला. मोटार सकाळी. तवर तुमी तेवढं पुसा.”

दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मागच्या साली साहेबांनी शेरा मारला होता, इंग्रजी कच्चे. तेव्हापासून प्रत्येक शब्द लिहिताना गुरुजींचा हात अडखळायचा. आणि हे एक वाक्य पोरीने आपलं आपण केलेलं होतं.

“उद्या साहेब गेले की पुसतो,” ते म्हणाले.

मालनबाईचं घर शाळेला लागूनच होतं. झोळीच्या दोरीची कुरकुर दिवसभर वर्गात ऐकू यायची. कधी कधी गुरुजी त्यावर वैतागायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते वर्गात शिरले तेव्हा भिंतीपलीकडे काहीच वाजत नव्हतं. मालनबाई मोटारीने गेली असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. पण मोटार अजून आलीच नव्हती. त्यांनी फडकं हातात घेतलं. तेवढ्यात जीप येऊन थांबली.

साहेबांनी फळा वाचला. मान डोलावली. “कुणाचं वाक्य?”

राही उभी राहिली. डोळे सुजलेले.

“छान. अर्थ सांग.”

राही गुरुजींकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझ्या भावात लई खोट हाय.”

“नीट वाच. नो फ्लॉ.”

“लई खोट हाय, सायेब. काळा हाय. एका डोळ्यानं तिरळा हाय.”

वर्गात कुणी हसलं नाही. साहेब वळले. “गुरुजी, हे शिकवलंत?”

तिला अर्थ पक्का ठाऊक होता. वर्गालाही ठाऊक होता. गुरुजींनी फडक्याची घडी केली, मोडली.

“हो साहेब. मीच तसं शिकवलं.”

साहेबांनी शेरा लिहिला. पेन खरखरत होतं, आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे दोरी कुरकुरली. एकदा. मग पुन्हा. राही मटकन खाली बसली. आयुष्यात पहिल्यांदाच गुरुजींना आपल्या चुकीबद्दल बरं वाटलं.

साहेबांना पोचवायला ते बाहेर आले. मालनबाई ओट्यावर आली होती, कडेवर दगडू. ताप उतरला होता. घामात तीट पुसली गेली होती. गुरुजींना बघून तिने हात जोडले. “राहीची आई,” गुरुजींनी साहेबांना सांगितलं.

“हाच का तो तिरळा?” साहेब कौतुकाने पुढे झाले. मालनबाई पदर ओढून घेईपर्यंत त्यांनी पोराची हनुवटी वर केली होती. टपोऱ्या डोळ्यांनी दगडू त्यांच्याकडे बघून हसला.

“गुरुजी,” साहेब म्हणाले, “नो फ्लॉ म्हणजे हे असं. नीट बघून ठेवा.”